दुखणे कायमचे, रोजगाराचे काय?

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे गाव लागते. परिसरातील बहुतेकांचा चरितार्थ शेतीवर आणि शेतमजुरीवर चालतो. मजुरीचा हिशेब साधा असतो. कामावर आला तर हजेरी, नाही आला तर खाडा. अशा ठिकाणी मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचा आठवडा कसा जात असेल, याचा विचार करून पाहावा. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा करावे लागते आणि दर वेळी सुमारे चार तास लागतात. त्यासाठी सोलापूर गाठायचे असेल तर जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो. उपचार सरकारी योजनेतून विनामूल्य मिळाले तरी बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही.

मधुमेह, दमा, संधिवात, अपस्मार, मूत्रपिंडाचे विकार, एचआयव्ही या आजारांत आधुनिक उपचारांमुळे माणूस वर्षानुवर्षे जगतो आणि पुष्कळदा कामही करू शकतो. त्यामुळे आयुष्य वाढवण्याच्या प्रश्नाइतकाच ते आयुष्य कशावर चालवायचे, हा प्रश्नही महत्त्वाचा झाला आहे.

मुंबईचा निवाडा

या प्रश्नावरील भारतातील एक महत्त्वाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीला नियमित नेमणुकीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले. एरवी प्रकृती कामास योग्य असूनही त्याचे काम थांबवण्यात आले. हे प्रकरण ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने ओळखले जाते, कारण अर्जदाराची ओळख उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने टोपणनावाने दाद मागण्याची मुभा दिली होती. जी व्यक्ती काम करण्यास सक्षम आहे आणि इतरांना जिच्यापासून विशेष धोका नाही, तिला केवळ लागण आहे म्हणून रोजगार नाकारणे राज्यघटनेशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले.

या निर्णयाने कसोटी बदलली. ‘आजार आहे का’ याऐवजी ‘काम होते का’ हा प्रश्न केंद्रस्थानी आला. पुढे एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास त्याने मनाई केली. अशा कर्मचाऱ्याला कामावरून कमी करायचे असेल तर तो कामास अपात्र आहे किंवा त्याच्यापासून संसर्गाचा लक्षणीय धोका आहे, असा स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय आवश्यक ठरला.

अपंगत्व कायद्याचे कवच

इतर दीर्घकालीन आजारांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या यादीतील २१ प्रकारांत काही आजार येतात. हिमोफिलिया, थॅलसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि मानसिक आजार ही त्यांतील उदाहरणे होत. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा त्याची पदावनती करू शकत नाही. मूळ काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसल्यास पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे लागते.

या कवचाला दोन मर्यादा आहेत. सेवासंरक्षणाची ही तरतूद खासगी आस्थापनांना लागू नाही. शिवाय सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणात हिमोफिलिया, थॅलसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस यांना स्थान नाही. मधुमेह तर यादीतच नाही. तो अनेकदा वरून दिसत नाही, म्हणून कार्यालयात ‘आजारी’ मानला जात नाही, आणि नेमणुकीच्या तपासणीत मात्र आडवा येऊ शकतो.

विम्याचे २१ हजार, अनुदानाचे २१ हजार

कारखान्यातील कामगाराला राज्य कामगार विमा योजनेचा आधार आहे. जानेवारी २०१७ मध्ये तिची वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये झाली. पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला कमाल ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. क्षय, कर्करोग, मूत्रपिंडाचा जुनाट विकार अशा ठरावीक दीर्घ आजारांत सलग दोन वर्षांच्या नोकरीसारख्या अटी पूर्ण झाल्यास हा लाभ ८० टक्के दराने आणखी लांबवता येतो.

शेतमजुराला हा विमा नाही. त्याच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि तिचा अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणारे तीत येतात. २०२३ मध्ये अनुदान दरमहा दीड हजार रुपये झाले, तेव्हाही या गटासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपयेच राहिली. विमा योजनेने जी रक्कम महिन्याच्या पगारासाठी धरली, तीच येथे अख्ख्या कुटुंबाच्या वर्षासाठी धरली गेली.

खरी अडचण इथेच आहे. कायदा काम करू शकणाऱ्याचे रक्षण करतो आणि अनुदान काम न करू शकणाऱ्याला मिळते. आठवड्यातून तीन दिवस राबू शकणारा माणूस या दोहोंच्या मध्ये अडकतो. सगळे दिवस भरत नाहीत म्हणून त्याला मुकादम नको म्हणतो, आणि थोडेफार कमावतो म्हणून अनुदान मिळत नाही. काम मागणाऱ्याला काम देण्याचे बंधन शासनावर घालणारा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. त्यातही मजुरी मोजून दिलेल्या कामावर ठरत असल्याने कमी ताकदीच्या मजुराच्या पदरी कमीच पडे.

घरबसल्या कामाची किंमत

याच तालुक्यात कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. विडी वळणे हे घरी बसून, आपल्या गतीने करण्याचे काम. हजार विड्यांमागे मजुरी मिळते. थकलेल्या शरीराला ते सोयीचे वाटते, पण तंबाखूची धूळ श्वासावाटे जाते आणि तासन्‌तास वाकून बसल्याने पाठ-मान धरते. दमा असलेल्या बाईला झेपणारे काम आणि तिचा दमा वाढवणारे काम एकच असू शकते. म्हणून रोजगार निवडताना कष्ट किती, यासोबत धूळ, उष्णता, रात्रपाळी आणि दवाखान्याचे अंतर हेही पाहावे लागते.

व्यवहारात काय करावे

कायदा ‘काम होते का’ असे विचारतो, तेव्हा उत्तर कागदावर असावे लागते. डॉक्टरांकडून केवळ आजाराचे नाव असलेला दाखला न घेता कोणते काम करता येते, कोणते टाळावे आणि उपचारासाठी किती सुटी लागेल, हे स्पष्ट लिहून घ्यावे. आजार दिव्यांगत्वाच्या यादीत असल्यास प्रमाणपत्र व ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

एचआयव्हीबाबत माहिती उघड करण्याची सक्ती, न्यायालयाचा आदेश वगळता, कोणी करू शकत नाही. इतर आजारांत नोकरीच्या अर्जात थेट प्रश्न असेल तर खोटे उत्तर देणे धोक्याचे, कारण पुढे तेच बडतर्फीचे कारण होऊ शकते. अपस्मारासारख्या आजारात वाहन किंवा यंत्र चालवायचे असल्यास लपवणे स्वतःच्या आणि इतरांच्याही जिवावर बेतू शकते. पाळी बदलणे, मध्ये विश्रांती, इन्सुलिनसाठी दहा मिनिटे, तपासणीच्या दिवशी सुटी या मागण्या तोंडी न करता लेखी कराव्यात आणि पोच घ्यावी. मालकाने नकार दिल्यास तक्रारीच्या वेळी तीच पोच उपयोगी पडते.

हजेरीवर जाणाऱ्याकडे असा अर्ज देण्यासाठी कार्यालयच नसते. त्याच्यासाठी सर्वांत मोठी सवलत म्हणजे गावाजवळचा उपचार. डायलिसिसची खुर्ची, औषधाचा नियमित साठा आणि तपासणीची सोय घराजवळ आली, तर आठवड्यातले बुडणारे दिवस पुन्हा हजेरीत येतात.