वाकडं पाऊल, सरळ उपाय

परवा लवळ्याला मावसबहिणीकडे बाळ बघायला गेलो. तीन आठवड्यांचं पोर आणि उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर! क्लबफूट, म्हणजे जन्मतःच पाऊल आत वळलेलं. तिच्या सासूबाई पुटपुटल्या, "ग्रहणात काहीतरी चिरलं असेल हिनं." बहिणीचा चेहरा पडला. घरी येऊन वाचतच बसलो.

साधारण हजारात एका बाळाला हे होतं. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथांत सुमारे २४०० वर्षांपूर्वीच लिहिलंय: लवकर सुरुवात करा, हळूहळू वळवा, पट्ट्या बांधा. विसाव्या शतकात मात्र सर्जन मंडळींना ऑपरेशनचा सोस! अमेरिकेत आयोवाला डॉ. इग्नासिओ पोन्सेटींनी १९४० च्या दशकात ऑपरेशन झालेले जुने पेशंट तपासले. पावलं ताठर, दुखरी. मग त्यांनी वेगळी पद्धत बसवली. पाऊल हातानं थोडं थोडं वळवायचं, दर आठवड्याला नवं प्लास्टर, आणि शेवटी बहुतेकांना टाचेमागच्या टेंडनला छोटासा छेद. १९६३ साली पेपर छापला. जगानं मनावर घेतलं ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस!

आपल्याकडे २०१३ साली पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या तपासणीच्या यादीत क्लबफूट आहे.

खरी परीक्षा प्लास्टरनंतर. दांडीनं जोडलेले खास बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर, मग चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना. पाऊल सरळ दिसतंय म्हणून सोडले, की ते पुन्हा वळतं. बहिणीला फोन करून एवढंच सांगितलं, आणि तुझी चूक नाही हेही. सासूबाईंना हिप्पोक्रेटिस समजावणं भावोजींवर सोपवलंय. असो.