सिमियेन पर्वत राष्ट्रीय उद्यान

उत्तर इथिओपियातील अम्हारा प्रदेशात असलेले अतिउंच वन्यजीव क्षेत्र. क्षेत्रफळ सु. ४१२ चौ. किमी. गोंडार या जुन्या राजधानीच्या उत्तरेस सु. १०० किमी.वरील देबार्क येथे त्याचे मुख्यालय आहे. उद्यानाची स्थापना १९६९ मध्ये झाली. यूनेस्कोने १९७८ मध्ये निवडलेल्या पहिल्या बारा जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश होता.

भूरचना : सु. तीन कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा पर्वत बनला. दख्खनचे पठारही लाव्ह्याचेच, पण दुपटीहून अधिक जुने. त्यामुळे येथील तुटलेले कडे, सुळके आणि माथ्यावरची गवताळ पठारे सह्याद्रीत भटकणाऱ्याला ओळखीची वाटतात. फरक उंचीचा आहे. उत्तरेकडचे काही कडे सु. १,५०० मी. खोल कोसळतात. इथिओपियातील सर्वोच्च शिखर रास दाशेन (सु. ४,५५० मी.) याच पर्वतरांगेत आहे.

वन्यजीवन : येथील प्राण्यांना आधार आहे तो कड्यांचा. वालिया आयबेक्स हा बाकदार शिंगांचा रानबोकड जगात फक्त याच पर्वतात आढळतो. गेलाडा माकडे रात्री कड्याच्या कपारींत झोपतात आणि उजाडल्यावर वर चढून येतात. मग बसल्या जागी सरकत सरकत, चिमटीने गवत खुडून खातात. नराच्या छातीवरचा लाल, केशहीन पट्टा दुरूनही दिसतो. दाढीवाले गिधाड उंचावरून खडकावर हाडे टाकून ती फोडते. दुर्मीळ इथिओपियन लांडगाही येथे आहे. पठारावर पुरुषभर उंचीच्या लोबेलिया उभ्या असतात.

पदभ्रमण व मुक्काम : सांकाबेर (सु. ३,२५० मी.), गीच आणि चेनेक (दोन्ही सु. ३,६०० मी.) हे मुख्य तळ. म्हणजे तंबू कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर पडतो. तिन्ही तळ जोडणारी वाट बराचसा भाग कड्याच्या काठाने जाते, इमेत गोगोच्या टोकावरून (३,९२६ मी.) खालच्या दऱ्यांचा पसारा दिसतो. सोबत बंदूकधारी रक्षक घ्यावाच लागतो. सामान खेचरांवर लादतात. जून ते सप्टेंबर पावसाळा असतो. ऑक्टोबरपासून हवा स्वच्छ होते, मात्र रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो. विरळ हवेमुळे पहिले दोन दिवस सावकाश चालावे. या उंचीवर झाडे अतिशय हळू वाढतात, म्हणून शेकोटीचा मोह टाळून स्वयंपाक स्टोव्हवर करावा. २०२३ पासून अम्हारात सशस्त्र संघर्ष सुरू झाल्याने निघण्यापूर्वी तेथील परिस्थितीची खात्री करणे आवश्यक आहे.

संवर्धन : वालियांची घटती संख्या, शेती, चराई आणि रस्ता यांमुळे १९९६ मध्ये हे स्थळ संकटग्रस्त वारशाच्या यादीत गेले, २०१७ मध्ये ते त्यातून बाहेर आले. त्याआधी गीच गावातील कुटुंबांना आपली घरे आणि शेते सोडावी लागली होती. उद्यान राखण्याची किंमत त्यांनी मोजली आहे. म्हणूनच वाटाड्या, खेचरवाले आणि रक्षक यांना मिळणारी रोजी हा येथील संवर्धनाचाच भाग मानला पाहिजे.