पेटी नसलेली गिटार

इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पेटी नसते, मग ती एवढ्या मोठ्याने वाजते कशी? पेटीची गरज का संपली हे समजून घ्यायला आपल्याला १९३० च्या सुमाराच्या अमेरिकेत जावे लागेल. तिथल्या नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात गिटार ऐकूच येत नसे. पेटी मोठी केली, धातूची केली, तरी भागेना.

हवाईयन गिटार वाजवणाऱ्या जॉर्ज बीचमने हवेतला आवाज सोडून तारेचे कंपनच पकडायचे ठरवले. १९३१ मध्ये त्याने पोलादी तारांखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले आणि नालाकृती चुंबक बसवले. चुंबकाजवळची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबक बनते. ती हलली की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८३१ मध्ये, दाखवलेले प्रवर्तन ते हेच! नायलॉनच्या तारा लावल्या तर ही गिटार मुकी. बीचमला पेटंट मिळाले ते १९३७ मध्ये.

आवाज वाढवल्यावर पेटीच अडचणीची ठरली. स्पीकरचा आवाज पेटीला हलवी, पेटी तारेला, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये माइक ओरडतो तशी किंचाळी सुरू होई. १९५० मध्ये लिओ फेंडरने भरीव फळीची गिटार बाजारात आणली.

राहिली ती गुणगुण. वेटोळे घरातल्या वायरिंगचेही क्षेत्र टिपते. आपल्याकडे ५० हर्ट्झचे, अमेरिकेत ६०. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन वेटोळी शेजारी ठेवून एकाची जोडणी उलटी केली. दोन्हींतली गुणगुण एकमेकींना खोडते. पण मग स्वरही खोडला जायला हवा! म्हणून त्याने त्या वेटोळ्याचा चुंबकीय ध्रुवही उलटा ठेवला. बाहेरून येणाऱ्या गुणगुणीला या ध्रुवाशी कर्तव्य नाही. तारेच्या स्वराला आहे. उलट्याचे उलटे सुलट, त्यामुळे स्वरांची बेरीज होते. हा युक्तिवाद फळ्यावर अधिक-उणे चिन्हे मांडून जरूर करून पाहावा.

किंमत मोजावी लागतेच. जुळ्या वेटोळ्यांचा स्वर भरदार, पण एकेरीची टोकदार चमक त्यात कमी. गिटार निवडताना लोक लाकडाच्या जातीवर तासभर बोलतात. आमच्या मते तो वेळ वेटोळ्यांना द्यावा. अँप्लिफायर चालू करा, तारांना हात न लावता गिटार घेऊन स्वतःभोवती सावकाश फिरा. एकेरी वेटोळ्याची गुणगुण दिशेनुसार कमी-जास्त होते. मग बाराव्या पट्टीवर तार दाबून छेडा. मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट वारंवारिता यायला हवी. नसेल, तर आधी दुकानदाराला घोडी सरकवून द्यायला सांगा.