वर्धा योजना आणि इंग्रजी

पालकहो, मुलास कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे, असा विचार आपण रोहण्यास बसून करीत असाल. हाच प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या गावी, वर्ध्यास, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेने देशापुढे मांडला. अध्यक्ष होते महात्मा गांधी. अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीची धुरा जामिया मिल्लियाच्या डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आली. बर्लिनची डॉक्टरेट घेतलेला, प्लेटो उर्दूत आणणारा हा विद्वान; त्यांना परभाषेचे वावडे कसले! तरीही समितीने सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून ठरविले आणि त्यात इंग्रजीस जागाच ठेवली नाही. ज्याला स्वतःच्या भाषेत नीट बोलता-लिहिता येत नाही, त्याचा विचारही नेमका होत नाही, ही त्यामागची धारणा.

पाया पक्का होता. इंग्रजी अजिबात वगळणे मात्र मला पटत नाही. कॉलेजचा आणि कचेरीचा दरवाजा पुढेही इंग्रजीतच उघडत राहिला. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीतच आली, पण विषय म्हणून. मराठी-उर्दू शाळांचे माध्यम तेच राहिले. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी हा फरक शाळेस अवश्य विचारा.