घुमटाखालची दुपार

उन्हाळ्याच्या सुट्टीत बारामती-इंदापुराकडचा, म्हणजे कऱ्हाटीतला मनुष्य मुंबईस गेला, की दुपारचे ऊन टाळायला म्युझियमसारखी जागा नाही. कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळट दगडाची ही इमारत. कोनशिला बसली १९०५ साली, पहिल्या महायुद्धात येथे लष्करी इस्पितळ होते, आणि प्रेक्षकांना दारे उघडली ती १९२२ साली.

लोक चित्रांकडे धावतात. कऱ्हाटीकराने आधी मान वर करावी. हा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. त्या गोलघुमटात निजला आहे महंमद आदिलशहा. आणि पुणे, सुपे, इंदापूर ही शहाजीराजांची जहागीर १६३६ नंतर चालली ती याच बादशहाच्या चाकरीत. सुप्यास संभाजी मोहित्यांचा अंमल होता. शिवाजीराजांनी या सावत्र मामांस कैद करून ते ठाणे घेतले. म्हणजे ज्याच्या राज्यातून सुपे फुटले, त्याच्याच थडग्याचा घुमट जॉर्ज विटेट या स्कॉच वास्तुशिल्पज्ञाने इंग्रज युवराजाच्या नावाने मुंबईत उभा केला. आणि आज दारावर नाव आहे छत्रपती शिवाजी महाराजांचे! १९२६ साली वारलेल्या विटेटला याची कल्पना कोठून असणार?

पोरे तोवर शस्त्रांच्या दालनात अकबराच्या ढालीपुढे जाऊन उभी राहिलेली असतात.