हलकी आणि मर्यादित सलामी (ब्रिज)

ब्रिजच्या एका डावात एकूण 40 गुण असतात: एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. माणशी सरासरी 10. मग सलामीची बोली किती गुणांवर लावायची? गोरेन यांच्या पारंपरिक पद्धतीत तोकड्या रंगाचे गुण धरून साधारण 13 लागत, आणि तीच ‘एक इस्पिक’ 20 गुणांवरही बोलली जाई. हा पसारा आवरते ती मर्यादित सलामी.

ही कल्पना जुनी. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1929 मध्येच भारी पानांसाठी ‘एक किलवर’ राखून ठेवली होती. सी. सी. वे यांच्या प्रिसिजन पद्धतीने तिला जगभर नेले. तीत 16 आणि त्यावर ‘एक किलवर’. एक पातळीच्या इतर रंगबोल्या 11 ते 15 गुणांच्या. या पद्धतीवर तैवानचा संघ 1969 मध्ये बर्म्युडा बाउलचा उपविजेता ठरला आणि ब्रिजजगत चकित झाले. भारतात स्पर्धा खेळणाऱ्या कितीतरी जोड्या आजही प्रिसिजनच खेळतात.

समजा, पाने अशी आली: इस्पिकचा एक्का, राजा, दश्शी, सत्ती, तिर्री, बदामचा राजा, नव्वी, अठ्ठी, चव्वी, चौकटची छक्की, दुर्री, किलवरचा गुलाम, पंजी. गुण 11, लांब दोन रंगांची पाने 9, बेरीज 20. ‘वीसचा नियम’ म्हणतो, बोला. प्रिसिजनवाला ‘एक इस्पिक’ बोलतो. भिडूकडे 8 गुण आणि इस्पिकची दोनच पाने असतील तर तो निर्धास्त पास देतो, कारण सलामीवाल्याचे जास्तीत जास्त 15 आणि त्याचे 8 मिळून 23च. गेमला साधारण 25 लागतात. इस्पिकची पाच पाने असतील तर मात्र तो थेट ‘चार इस्पिक’ बोलतो, मग गुण 5 असोत वा 13. प्रतिस्पर्ध्यांना यातले काय खरे ते कळत नाही. हलक्या सलामीला खरे बळ मिळते ते या मर्यादेतून. मर्यादा नसेल तर भिडू जास्त गुण गृहीत धरून डाव बुडवतो.

किंमतही मोजावी लागते. ‘एक किलवर’नंतर प्रतिस्पर्धी मुद्दाम वरच्या बोल्या लावून जागा खातात. ‘एक चौकट’मध्ये चौकटची पाने असतीलच असे नाही.

तिसऱ्या जागेवरून हलकी सलामी सर्रास चालते. एरिक मरे यांच्या अशाच सवयीवर त्यांचे भिडू डग्लस ड्रुरी यांनी उपाय काढला: आधी पास दिलेल्याने ‘दोन किलवर’ बोलून सलामी खरी की हलकी ते विचारायचे.

सरासरीहून एका राजाने किंवा त्याहूनही अधिक कमी ताकदीवर एक पातळीची सलामी देण्याचा करार जागतिक ब्रिज महासंघ ‘अतिअसामान्य’ पद्धतींत धरतो. हलक्या सलामीचा कोणताही करार प्रतिस्पर्ध्यांना आधी सांगणे बंधनकारक आहे.