दूरचित्रवाणीचा वाद्यवृंदनायक : डॉक सेव्हरिन्सन यांच्या कारकीर्दीचा विचार

अमेरिकन संगीताच्या इतिहासात 'बिग बँड' युगाचा अस्त सामान्यतः 1946 या वर्षी झाला असे मानले जाते. त्या वर्षाच्या अखेरीस बेनी गुडमन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी, वुडी हर्मन प्रभृतींनी आपापले वृंद मोडले, हे खरे. तथापि 1962 पासून 1992 पर्यंत, म्हणजे या तथाकथित अस्तानंतर, पूर्ण घडणीचा एक वृंद एन. बी. सी.च्या 'टुनाइट शो' या कार्यक्रमात सातत्याने वाजत होता. या घटनेस उपर्युक्त कालनिर्णयात स्थान कोणते द्यावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. आणि त्या वृंदाचे दीर्घकालीन नायक डॉक सेव्हरिन्सन यांच्या कारकीर्दीच्या आधारे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. मोठ्या वृंदांचा ऱ्हास केवळ अभिरुची पालटल्यामुळे झाला नाही. 1944 मध्ये नृत्यगृहांवर 30 टक्के मनोरंजन-कर बसला. तो पुढे 20 टक्क्यांवर आला खरा, पण तोवर अनेक मालकांनी नृत्य आणि गायन बंद करून खर्च वाचविला होता. प्रवासखर्च व वेतन वाढले, श्रोते गायकांकडे वळले. अशा वेळी वादकास स्थिर वेतन देणारी जागा उरली ती प्रक्षेपण-संस्थांची. वादक-संघटनेने दूरचित्रवाणीवरील प्रत्यक्ष वादनास घातलेली बंदी 1948 च्या मार्चमध्ये उठली, आणि नभोवाणीतील पगारी वादकवर्गास हे नवे क्षेत्र खुले झाले.

सेव्हरिन्सन यांचा प्रवास नेमका याच मार्गाने झाला. त्यांचा जन्म 7 जुलै 1927 रोजी ओरेगन राज्यातील आर्लिंग्टन या लहानशा गावी झाला. वडील दंतवैद्य, म्हणून मुलास 'डॉक' हे नाव पडले. बालपणीच कॉर्नेट हाती आले आणि बाराव्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळविले. पुढे सैन्यातील सेवा, चार्ली बार्नेट व टॉमी डॉर्सी यांच्या वृंदांत ट्रंपेटवादन, आणि 1949 मध्ये एन. बी. सी.मध्ये नोकरी, असा हा क्रम आहे. फिरत्या वृंदातून पगारी वादकवर्गात जाणे हे त्या पिढीतील अनेकांच्या जीवनाचे सूत्र होते. 1962 मध्ये जॉनी कार्सन यांनी 'टुनाइट'ची सूत्रे घेतली तेव्हा वृंदाचे नेतृत्व स्किच हेंडरसन यांच्याकडे होते. सेव्हरिन्सन ट्रंपेटवादकांत होते. हेंडरसन 1966 मध्ये गेले, मिल्टन डेलग यांचा अल्पकाळ झाला, आणि 1967 मध्ये नायकपद सेव्हरिन्सन यांच्याकडे आले. ते त्यांनी 22 मे 1992 च्या अखेरच्या कार्यक्रमापर्यंत सांभाळले.

संगीत-दिग्दर्शकाचे काम प्रत्यक्षात काय होते, हे लक्षात घेतल्याविना या पदाचे मर्म कळत नाही. पाहुण्यांच्या प्रवेशास साजेशी सुरावट निवडणे, गायकास साथ देणे, विनोद फसला तर एका स्वराने तो सावरून घेणे, आणि सूत्रधाराच्या थट्टेचा विषय होणे ही सर्व त्याचीच कर्तव्ये. सेव्हरिन्सन यांचे भडक पोशाख याच भूमिकेचा भाग होते. प्रेक्षकांनी एखाद्या अपरिचित गीताचे नाव सांगून वृंदास कोंडीत पकडण्याचा खेळही नेहमीचा होता. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जाहिरातींच्या अवकाशात वृंद सभागृहातील प्रेक्षकांपुढे रचना वाजवीत असे; घरी बसलेल्या लक्षावधींच्या कानी पडे तो तिचा आरंभ किंवा शेवटचे काही क्षण. म्हणजे देशात सर्वांत अधिक लोकांना ठाऊक असलेला हा वृंद प्रत्यक्षात फारच थोडा ऐकला गेला.

या आश्रयास सामाजिक बाजूही होती. प्रक्षेपण-संस्थांचे वादकवर्ग दीर्घकाळ गौरवर्णीयांपुरते मर्यादित होते. ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदातून आलेले क्लार्क टेरी यांना एन. बी. सी.ने 1960 मध्ये नोकरीत घेतले. अशा वर्गात प्रवेश मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय वादकांत त्यांची गणना होते. 1972 मध्ये कार्यक्रम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातील बरबँक येथे गेला, तेव्हा टेरी न्यूयॉर्कलाच राहिले. बरबँकच्या वृंदात स्नूकी यंग, कॉन्टी कँडोली, एड शॉनेसी यांच्यासारखे जुन्या वृंदांत तयार झालेले वादक होते. याचा अर्थ असा की, नोकरीच्या निमित्ताने एका परंपरेचे कसब येथे एकत्र टिकून राहिले.

अभ्यासकास येथे साधनांची अडचण भासते. न्यूयॉर्क-काळातील बहुतेक चित्रफिती संस्थेने पुसून पुन्हा वापरल्या. ज्या उरल्या त्यांत जाहिरातींच्या वेळचे वादन स्वभावतःच अल्प. त्यामुळे प्रक्षेपणावरून वृंदाचे मूल्य ठरविणे हे तुकड्यांवरून समग्राचा अंदाज बांधण्यासारखे होय. या वृंदाने स्वतंत्रपणे काढलेल्या ध्वनिमुद्रिकेस 1987 मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. प्रक्षेपणात झाकले गेलेले सामर्थ्य तेथे पूर्णपणे ऐकू येते, म्हणून साधन या नात्याने ती अधिक विश्वसनीय मानावी लागते.

शेवट अर्थकारणानेच केला. 1980 मध्ये कार्यक्रम 90 मिनिटांवरून 60 मिनिटांवर आला. 1982 मध्ये डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात पॉल शेफर यांनी चार वादकांनिशी हेच पद सांभाळता येते हे दाखविले. कार्सन निवृत्त झाले तेव्हा ब्रॅनफोर्ड मार्सालिस यांचा लहान संच आला आणि जुना वृंद प्रक्षेपणातून बाहेर पडला. सेव्हरिन्सन यांनी पुढेही अनेक वर्षे वृंदासह दौरे केले, वाद्यमेळांचे संचालन केले. पण पगारी वृंदनायकाचे ते पद पूर्वीच्या स्वरूपात पुन्हा उभे राहिले नाही.

या विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, 1946 मध्ये संपली ती मोठ्या वृंदाची बाजारपेठ. त्याची विद्या आश्रयाच्या बळावर पुढे जगली. दोन, हा आश्रय निरपेक्ष नव्हता. त्याने वादकास उपजीविका दिली, पण त्याच्या संगीतास श्रोता दिला नाही. कसब राखले, पण नव्या रचनेस वाव क्वचितच ठेवला. कलेचे जतन आणि कलेची वाढ या भिन्न गोष्टी आहेत. आश्रयाच्या कोणत्याही इतिहासात आश्रयदात्याने कलावंतास काय दिले याबरोबरच त्याचे काय ऐकून घेतले, हेही विचारणे आवश्यक ठरते.